ऑफर खरी कशी ओळखायची, आणि कंपनीला टॅग केल्यावर नेमकं काय होतं?

नाशिकच्या एका वाचक भगिनींनी दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पहिला असा: नवरात्रात फ्रिज घ्यायचा आहे, मैत्रिणीने टेलिग्रामच्या दोन-तीन ऑफर चॅनलांमध्ये घातलं आहे, तिथे दिवसभर "लूट" चालू असते, इन्स्टाग्रामवर येवल्याच्या पैठण्या निम्म्या किमतीत दिसतात, यातलं काय खरं मानायचं? दुसरा असा: मार्चमध्ये ऑनलाइन घेतलेलं वॉशिंग मशिन फिरताना जोरात आवाज करतं. टोल-फ्री नंबरवर तीनदा तक्रार नोंदवली, तिन्ही वेळा "काम पूर्ण" असा मेसेज आला आणि घरी कोणीच आलं नाही. भाऊ म्हणतो, एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) कंपनीला टॅग कर, तासाभरात फोन येईल. खरंच येतो का?

फोन येतो, ताई. पण तो कंपनीचाच असेल असं नाही. म्हणूनच दोन्ही प्रश्नांचं उत्तर मी एकत्र देते आहे. ऑफर असो की तक्रार, सोशल मीडियावर पहिलं काम एकच असतं: पलीकडे नक्की कोण बसलंय ते ठरवायचं. ते ठरलं की बाकीचं बरंच सोपं होतं.

मी पुण्यात कंपन्यांच्या सोशल मीडियावरच्या तक्रारी हाताळणाऱ्या टीममध्ये बरीच वर्षं काम केलं आणि आता ग्राहकांना तक्रारी लिहायला मदत करते. म्हणजे टॅग करणाऱ्याची बाजूही पाहिली आहे आणि तो टॅग वाचणाऱ्याचीही. मशिनपासून सुरुवात करते, कारण ते काम अडलेलं आहे.

मोठ्या कंपनीचं नाव घेऊन कोणी पोस्ट टाकली की ती एका सॉफ्टवेअरमध्ये ओढली जाते आणि तिचं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बनतं. ते तिकीट उघडणारी मुलं-मुली बहुतेक वेळा कंपनीच्या पगारावर नसतात, बाहेरच्या एजन्सीची असतात. मशिन बदलून द्यायचा किंवा पैसे परत करायचा अधिकार त्यांना नसतो. त्यांच्या हातात दोन गोष्टी असतात: ठरलेल्या वेळात पहिलं उत्तर देणं आणि तिकीट आतल्या योग्य विभागाकडे पाठवणं. पहिलं उत्तर किती मिनिटांत गेलं हे मोजलं जातं, त्यामुळे "झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत, कृपया डीएम (खासगी मेसेज) करा" हे वाक्य चटकन येतं. ते वाचून लोकांना वाटतं, झालं काम. काम तिथून सुरू होतं.

आता तुमच्या बाबतीतली खरी मेख. तक्रार "काम पूर्ण" म्हणून बंद होते तेव्हा सोशल मीडियाच्या टीमला पडद्यावर तेवढंच दिसतं. सर्व्हिस सेंटर बरेचदा स्थानिक फ्रँचायझीचं असतं आणि तक्रार किती दिवसांत बंद झाली यावर त्याचा हिशेब ठरतो. म्हणजे तुम्ही नुसतं "मशिन बिघडलंय" लिहिलंत, तर समोरची मुलगी आत पाहील, तिला तीन पूर्ण झालेल्या भेटी दिसतील आणि ती तुमची चौथी तक्रार नोंदवून मोकळी होईल. ती खोटं वागत नाहीये, तिला जे दिसतं त्यावर ती चालते. त्यामुळे पोस्टमध्ये ठळकपणे सांगायची गोष्ट बिघाड ही नाही. भेट न देता तक्रार बंद केली, हे सांगायचं आहे.

मी असं लिहिलं असतं:

"मार्चमध्ये घेतलेलं आपलं सात किलोचं फ्रंट लोड मशिन वॉरंटीत आहे. ड्रममधून आवाज येतो. या महिन्यात तीन तक्रारी नोंदवल्या. तिन्ही 'पूर्ण' दाखवून बंद केल्या, प्रत्यक्षात एकदाही तंत्रज्ञ घरी आला नाही. मला हवं आहे: तंत्रज्ञाची भेट, तारीख आणि वेळ लेखी कळवून. तक्रार क्रमांक डीएममध्ये देते. शहर नाशिक."

एवढंच. यात राग नाही, पण एक वाक्यही ढिलं नाही. कोणतं मशिन, केव्हाचं, काय झालं, काय हवं, हे सगळं पहिल्या वाचनात कळतं. मी कामावर असताना अशी पोस्ट आली की तिकीट तिथल्या तिथे वरच्या पातळीवर जायचं, कारण आत काय टाइप करायचं ते पोस्टनेच सांगितलेलं असायचं. नुसता संताप असला की मला आधी चार प्रश्न विचारावे लागायचे, उत्तर येईपर्यंत शिफ्ट बदलायची आणि पुढचा माणूस पुन्हा पहिल्यापासून विचारायचा.

मराठीत लिहायला काहीच हरकत नाही. टॅग असला की पोस्ट तिकिटात येतेच. फक्त वाचणारा गुरुग्राम किंवा बंगळुरूमध्ये बसलेला असू शकतो, तेव्हा मॉडेलचं नाव आणि शहर वेगळं उठून दिसेल असं लिहा.

रोज नवी पोस्ट टाकू नका. प्रत्येक नव्या पोस्टचं नवं तिकीट बनतं, मग ती तिकिटं एकमेकांत विलीन करण्यात वेळ जातो आणि कधी त्यातलं चुकीचंच बंद होतं. पहिल्या पोस्टखालीच उत्तर लिहीत राहा: "दोन दिवस झाले, फोन नाही." पुढे पुरावा म्हणूनही तो एक धागा वाचायला सोपा जातो. कंपनीची मदतीसाठी वेगळी हँडल (@ने सुरू होणारं खात्याचं नाव) असेल तर मुख्य हँडलसोबत तीही टॅग करा. मुख्य हँडल बरेचदा जाहिरातवाल्यांकडे असते. भाषा वस्तुस्थितीची ठेवा. "तक्रार भेट न देता बंद केली" हे तुम्ही सिद्ध करू शकता. "चोर कंपनी" हे सिद्ध करायला तुम्हाला त्रास होईल आणि त्याने तिकीट तसूभरही पुढे सरकत नाही.

अजून एक बारीक गोष्ट. कित्येक कंपन्या काम झाल्यावर ग्राहकाच्या फोनवर आलेला कोड घेऊनच तक्रार बंद करतात. "तुमची तक्रार पुढे पाठवायची आहे, आलेला कोड सांगा" असा फोन आला तर देऊ नका. मशिन तुमच्यासमोर फिरवून दाखवल्याशिवाय तो कोड तोंडातून बाहेर काढायचा नाही. तुमच्या तीन तक्रारी अशाच बंद झाल्या असतील का, हे मेसेज चाळून पाहा.

आता भावाच्या म्हणण्याबद्दल. त्याचा विश्वास उगाच बसलेला नाही. २०१४ नंतर परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज आणि आपल्या कोकणातले रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी ट्विटरवरच्या हाकेला उत्तरं दिली, गाडीत बसलेल्या प्रवाशापर्यंत औषध, दूध पोहोचल्याच्या बातम्या आपण वाचल्या. ते जमलं कारण ट्वीटच्या मागे एक यंत्रणा उभी होती. विभागीय कार्यालयं, स्टेशनं आणि गाडीतले कर्मचारी यांना निरोप देणारी माणसं नेमलेली होती. आजही रेल्वेचा १३९ नंबर आणि रेलमदद ही तिची तक्रार सेवा याच साखळीला जोडलेले आहेत. खासगी कंपनीत अशी साखळी असेलच असं नाही. तिथे पोस्ट ही एक धक्का देण्याची सोय आहे. धक्का कशाला द्यायचा, तर आधी नोंदवलेल्या तक्रारीला. ती नोंदच नसेल तर नुसत्या पोस्टने फारसं हलत नाही. तुमच्याकडे तीन क्रमांक आहेत, म्हणून मी तुम्हाला टॅग करा असंच सांगेन.

आणि आता ज्यासाठी मी हे उत्तर एवढं लांब लिहिते आहे तो भाग.

तुम्ही कंपनीला टॅग केलंत की ती पोस्ट फक्त कंपनी वाचत नाही. बँका, विमान कंपन्या, कुरिअर, शॉपिंग साइट यांची नावं शोधत बसलेल्या टोळ्याही वाचतात. काही मिनिटांत कंपनीचा लोगो लावलेल्या एखाद्या खात्यावरून उत्तर येतं: "आपली गैरसोय झाली, क्षमस्व. आमच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांशी या नंबरवर बोला." कधी एखादा साधा दिसणारा माणूस लिहितो, "माझंही असंच झालं होतं, या नंबरवर फोन केला, लगेच पैसे मिळाले." तोही त्यांचाच असतो. फोन केला की अत्यंत नम्र आवाज, तुमचं नाव आणि तक्रार तोंडपाठ, कारण ती तुम्हीच लिहिलेली आहे. मग एक फॉर्म भरायला सांगतात, किंवा पडदा दुसऱ्याला दाखवणारं ॲप घ्यायला सांगतात, किंवा व्हॉट्सॲपवर एपीके, म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी, फाइल पाठवतात. शेवटी "पडताळणीसाठी" दहा रुपये, किंवा परतावा जमा करण्यासाठी यूपीआय पिन.

पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून गेले. हे घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः आई-वडिलांना, पुन्हा पुन्हा सांगा. वयस्क माणसं भोळी असतात म्हणून फसतात असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही. फसतात ती आधीच तक्रार करून थकलेली माणसं. आठवडाभर कोणी ऐकत नसताना कोणीतरी गोड बोलून ऐकतं, तिथे सावधपणा सुटतो. वय कोणतंही असो.

मग कंपनीचं खातं ओळखायचं कसं? एक्सवरच्या निळ्या खुणेवर जाऊ नका. २०२२च्या अखेरीपासून ती पैसे भरून मिळते. संस्थांसाठी सोनेरी आणि सरकारी खात्यांसाठी करड्या रंगाची खूण असते, पण त्यावरही थांबू नका. कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये जा, तिथे खाली सोशल मीडियाची चिन्हं असतात, त्यावरूनच खात्यावर पोहोचा. जे खातं त्या वाटेने सापडतं तेच खरं. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथेही खोटे नंबर पेरलेले असतात. नंबर घ्यायचा तो बिलावरचा, वॉरंटी कार्डावरचा किंवा ॲपमधला. आणि सोपा नियम असा की पोस्टखाली कोणी फोन नंबर लिहिला तर तो लावायचाच नाही. खरी टीम तुमचा नंबर डीएममध्ये मागते आणि तुम्हाला फोन करते. तो फोन आल्यावरही तक्रार क्रमांक त्यांना सांगायला लावा, आपण सांगू नका.

पोस्टमध्ये मोबाइल नंबर, पत्ता, ऑर्डर क्रमांक, बिलाचा फोटो, खोक्यावरचं कुरिअरचं लेबल यातलं काहीही टाकायचं नाही. लेबलवर तुमचं नाव, पत्ता, नंबर सगळं असतं. मशिनचा व्हिडिओ टाका, त्यात आवाज ऐकू येऊ द्या. तो सगळ्यात बोलका असतो.

समजा यातून एखादी चूक घडलीच आणि पैसे गेले, तर लाज वाटून बसू नका. ताबडतोब १९३० लावा. ही सायबर आर्थिक फसवणुकीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी नोंद झाली तर ते गोठवता येण्याची शक्यता असते. त्याच वेळी बँकेला कळवा.

पोस्ट टाकून तीन-चार दिवसांत कोणी आलं नाही तर पुढची पायरी चढा. तुम्ही मशिन ऑनलाइन घेतलं आहे, म्हणून २०२०चे ई-कॉमर्स नियम लागू होतात. त्यानुसार प्रत्येक शॉपिंग साइटने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायलाच हवा. त्या अधिकाऱ्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि तक्रार मिळाल्यापासून महिन्याभरात निवारण करायचं. ही माहिती बहुधा साइटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत असते. शोधा आणि ईमेल पाठवा. वॉरंटी उत्पादक कंपनीची आहे, तेव्हा तिच्याही पत्त्यावर तोच ईमेल जाऊ द्या. बिल नीट पाहा, त्यावर विक्रेत्याचं नाव साइटपेक्षा वेगळं असेल. तेही लिहून ठेवा, कारण पुढे "आम्ही फक्त मंच आहोत, विकलं त्यांनी" असं उत्तर येतं.

त्याच्याबरोबरच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. इथे मराठीत बोलता येतं. ८८०००-०१९१५ या नंबरवर व्हॉट्सॲपनेही तक्रार देता येते. हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही, पण अनेक मोठ्या कंपन्या तिच्याशी थेट जोडलेल्या आहेत आणि तिथून आलेली तक्रार कंपनीत वेगळ्या टेबलावर जाते. माझ्या अनुभवात, जिथे टॅग करून फक्त दिलगिरी मिळते तिथे १९१५ला नोंद केल्यावर माणूस येतो. दोन्ही करा, आणि हेल्पलाइनचा क्रमांक मिळाल्यावर त्याच जुन्या पोस्टखाली लिहा की तक्रार तिथेही नोंदवली आहे. त्या एका ओळीचा परिणाम आतून पाहिलेला आहे.

तरीही नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता तिथे, म्हणजे नाशिकलाच, तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय कुठे आहे याने फरक पडत नाही. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. तिथे तुमची पोस्ट, तिची उत्तरं, बंद झालेल्या तक्रारींचे मेसेज हे सगळं जोडायचं. स्क्रीनशॉट काढा, पण मूळ मेसेज फोनमधून पुसू नका आणि फोन बदलण्याआधी बॅकअप घ्या.

आता ऑफरकडे.

टेलिग्रामची ऑफर चॅनलं कशावर चालतात हे कळलं की त्यांचा उपयोग करता येतो. तुम्ही त्यांच्या लिंकवरून गेलात आणि काही घेतलंत की चॅनल चालवणाऱ्याला दलाली मिळते. यात बेकायदा काही नाही. मात्र त्याला पैसे तुम्ही खरेदी केल्यावर मिळतात, तुमची बचत झाल्यावर नाही. म्हणून चॅनलवर दिवसभर घाई असते. "फक्त दोन शिल्लक", "दहा मिनिटांत संपणार" हे खोटं असेल तर ती ग्राहकाला फसवणारी रचना आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ प्रकारांना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात खोटी घाई हा पहिलाच प्रकार आहे. गुपचूप टोपलीत दुसरी वस्तू टाकणं आणि शेवटच्या पानावर वाढीव रक्कम दाखवणं हेही त्यात येतं. दिसलं तर १९१५लाच कळवा.

चॅनलमधली लिंक दाबून खरेदी करू नका. तिथे वस्तूचं नाव वाचा, चॅनल बंद करा, शॉपिंगचं ॲप स्वतः उघडा आणि तिथे शोधा. किंमत खरी असेल तर तिथेही तीच दिसेल. लहान केलेल्या लिंकमागे हुबेहूब दिसणारी बनावट साइट असू शकते, आणि सणाच्या दिवसांत अशा साइटचं पीक येतं. पलीकडे कोण आहे ते ठरवायचं, असं जे मी वर म्हटलं, ते इथेही तसंच.

मग किंमत चांगली आहे की नाही हे कसं ठरवायचं? एमआरपीवर किती टक्के सूट आहे, याकडे पाहूच नका. एमआरपी ही कंपनीने स्वतः ठरवून छापलेली कमाल किंमत आहे. त्या किमतीला फ्रिज क्वचितच कोणी विकतं, त्यामुळे "४५ टक्के सूट" याला काही अर्थ नसतो. गेल्या काही महिन्यांत तो प्रत्यक्षात कितीला विकला गेला, ते पाहायचं. बायहटके, कीपा अशी किमतीचा आलेख दाखवणारी साधनं आहेत. देसीडाइमसारख्या ठिकाणी लोक स्वतः किमती टाकतात आणि खाली इतर लोक "गेल्या महिन्यात याहून स्वस्त होता" असं लिहितात. खालच्या प्रतिक्रिया वाचायला विसरू नका, मोल त्यांचंच आहे. ६ ऑक्टोबर २०१४ला फ्लिपकार्टची पहिली बिग बिलियन डे विक्री झाली तेव्हा साइट कोलमडली, आयत्या वेळी किमती बदलल्याच्या तक्रारींनी ट्विटर भरून गेलं आणि दुसऱ्या दिवशी संस्थापकांनी ग्राहकांची पत्र लिहून माफी मागितली. आधीची किंमत लोकांना ठाऊक होती म्हणून ते बोलू शकले. नवरात्राला अजून वेळ असेल तर आजच तीन मॉडेल ठरवा आणि रोज संध्याकाळी त्यांची किंमत एका कागदावर लिहा. आठवड्यात तुम्हाला कोणत्याही चॅनलपेक्षा जास्त कळायला लागेल.

फ्रिजच्या बाबतीत दोन गोष्टी मुद्दाम सांगते. एक, ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या मॉडेलच्या शेवटी बरेचदा एखादं अक्षर वेगळं असतं, त्यामुळे दुकानातल्याशी थेट तुलना करता येत नाही. तेव्हा लिटर, कॉम्प्रेसरची वॉरंटी आणि ऊर्जा बचतीच्या लेबलवरचा वर्षाचा वीजवापर यांची तुलना करा. दोन, त्या ताऱ्यांच्या लेबलवर कालावधी छापलेला असतो. ताऱ्यांचे निकष अधूनमधून कडक होतात आणि जुन्या निकषांचा माल उतरत्या किमतीत काढला जातो. तो घेऊ नये असं नाही, पण जुने पाच तारे नव्या पाच ताऱ्यांइतके नाहीत हे धरून भाव करा.

बँकेच्या कार्डाची सूट वाचताना तिची कमाल मर्यादा आधी पाहा. समजा फ्रिज ३२,००० रुपयांचा आहे आणि कार्डावर दहा टक्के सूट आहे, पण कमाल १,५००. म्हणजे ३,२०० नाही, १,५००च मिळाले. "नो कॉस्ट ईएमआय"मध्ये व्याजाएवढी रक्कम आधी सूट म्हणून वजा होते, तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेची प्रक्रिया फी आपल्याच माथी असते. रोख पैसे देऊन सूट जास्त मिळते का, ते शेजारी मांडून पाहा. हा सगळा हिशेब झाल्यावर जो आकडा येईल तो घेऊन मेन रोडवरच्या तुमच्या नेहमीच्या दुकानदाराकडे जा. पाचशे-हजाराच्या फरकात तो देत असेल तर मी त्याच्याकडूनच घेईन. बिघाड झाला की त्याच्या दुकानात जाऊन उभं राहता येतं, आणि सर्व्हिस सेंटरवाला त्याचा फोन उचलतो.

पैठणीचं वेगळं आहे. इन्स्टाग्रामवर खरे विणकरही आहेत. येवल्यातल्या कित्येक तरुण विणकरांना व्यापाऱ्याला वगळून थेट गिऱ्हाईक मिळालं ते याच वाटेने, त्यामुळे सगळ्यांना एका माळेत ओवणं त्यांच्यावर अन्याय होईल. पण हातमागाची पैठणी विणायला आठवडे, मोठ्या कामाला महिने लागतात. "निम्म्या किमतीत" म्हणून जी दाखवतात ती बहुधा यंत्रमागाची किंवा नकली रेशमाची असते. पदराच्या मागच्या बाजूचा व्हिडिओ मागवा. हातमागाच्या पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते. मागे धाग्यांचा गुंता लोंबत असेल किंवा कापलेले धागे असतील तर ती हाताची नाही. सिल्क मार्कचं, म्हणजे शुद्ध रेशमाची खूण असलेलं, लेबल आहे का विचारा. विणकर असेल तर मागासमोर बसून व्हिडिओ कॉल करायला तो आनंदाने तयार होतो.

खातं तपासायचं तर प्रोफाइलवरच्या तीन टिंबांत "या खात्याबद्दल" असतं. ते केव्हा उघडलं आणि आधी नाव काय होतं ते तिथे कळतं. गेल्या महिन्यात उघडलेलं, प्रतिक्रिया बंद ठेवलेलं आणि पत्ता नसलेलं खातं असेल तर पुढे जाऊ नका. यूपीआयने पैसे पाठवताना समोर खातेदाराचं नाव दिसतं. दुकानाचं नाव येवल्याचं आणि खातेदार भलताच, तर थांबा. बिल मागा. बिल न देणं आणि "विकलेला माल परत नाही" म्हणून सदोष वस्तू परत घ्यायला नकार देणं, दोन्ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहेत. बिलावर परत घेण्याची मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. आणि एखादी प्रसिद्ध मुलगी ती साडी नेसून कौतुक करत असेल तर तिथे "जाहिरात" असं स्पष्ट लिहिलंय का पाहा. पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन केलेलं कौतुक जाहीर न करणाऱ्यांना १० लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

खरं सांगायचं तर सगळ्यात भरवशाच्या ऑफर मला चॅनलांवर नाही, माहितीतल्या माणसांच्या ग्रुपवर मिळाल्या आहेत. मुंबई ग्राहक पंचायत १९७५पासून कुटुंबांचे गट करून सामुदायिक खरेदी करते आहे. तीच पद्धत आता सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हापूससाठी वापरता येते. एका बागायतदाराकडून वीस पेट्या एकदम मागवल्या की भावही मिळतो आणि वाईट पेटी निघाली तर बोलायला वीस घरं असतात. तुमच्या इमारतीत दोघा-तिघांना फ्रिज किंवा टीव्ही घ्यायचा असेल तर दुकानदाराकडे एकत्र जा.

फ्रिज घरी येईल त्या दिवशी डिलिव्हरीचा कोड खोकं उघडून पाहिल्यावरच द्या. खोकं उघडून देण्याची सोय काही साइटवर, काही वस्तूंसाठी असते, ती आहे का हे ऑर्डर करतानाच पाहा. खोकं फोडताना सलग व्हिडिओ घ्या, मागचा सिरियल नंबर आणि बिलावरचा नंबर एकच आहे का पाहा, आणि बिलाचा फोटो स्वतःलाच ईमेल करून ठेवा. मशिनचं बिलही त्याच ईमेलमध्ये जोडा, म्हणजे तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहिताना ते शोधावं लागणार नाही. तो ईमेल नवरात्राची वाट न पाहता या आठवड्यातच जाऊ द्या, कारण महिन्याची मुदत तो पोहोचल्या दिवसापासून मोजली जाते.